आफ्रिकी फॅशनचा पैसा कुठे थांबतो?

जानेवारी २०२० मध्ये कॅमेरूनचे डिझायनर इमाने आयिसी यांचं नाव पॅरिसच्या ओत कुत्यूर, म्हणजे हातानं शिवलेल्या सर्वांत उंची कपड्यांच्या, सप्ताहाच्या अधिकृत वेळापत्रकात आलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून तिथवर पोचलेले ते पहिलेच. त्यांच्या कामात घानाचं केंटे हे हातमागावरचं कापड येतं, बुर्किना फासोचं हातमागाचं सुती कापड येतं, झाडाची साल ठोकून केलेलं कापडही येतं. एक गोष्ट मात्र ते कटाक्षानं टाळतात. जगभर ज्याला 'आफ्रिकन प्रिंट' म्हणतात, ते मोठाल्या नक्षीचं, भडक रंगांचं मेणछापाचं कापड त्यांना नको असतं. ते वसाहतवाल्यांनी आणलेलं कापड आहे, आफ्रिकेचा वारसा नव्हे, असं त्यांचं म्हणणं आहे.

इतिहास पाहिला तर ते बरोबर आहेत. नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावात १८४६ साली सुरू झालेली 'व्लिस्को' ही कंपनी या कापडाची सगळ्यात नामांकित उत्पादक. डचांनी जावा बेटावरच्या बाटिकची यंत्रावर नक्कल केली, ती जावाच्याच बाजारात स्वस्तात विकायला. यंत्रात मेणाऐवजी राळ वापरली जायची. तिला तडे जायचे आणि त्यात रंग शिरून कापडभर बारीक रेघा उमटायच्या. जावातल्या गिऱ्हाइकाला तो दोष वाटला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेच कापड गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, किनाऱ्यावर उतरलं आणि तिथल्या लोकांना त्या रेघांसकट ते आवडलं. व्लिस्कोचं अस्सल कापड आजही हेल्मंडलाच छापलं जातं.

तरीही आयिसींशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. कापड कुठून आलं एवढ्यावर ते कोणाचं हे ठरवायचं झालं, तर टोगोच्या राजधानीतल्या बाजारातल्या बायकांचं काय करायचं? लोमेच्या त्या घाऊक व्यापारीणींना 'नाना बेंझ' म्हणत. व्लिस्कोच्या एकेका नक्षीचे विक्रीहक्क त्यांच्याकडे असायचे. कोणती नक्षी चालेल, कोणता रंग पडून राहील हे हेल्मंडच्या चित्रकारांना कळत नसे, या बायकांना कळे. कापडांना नावं त्यांनीच दिली. पिंजऱ्यातून उडणाऱ्या पक्ष्याच्या नक्षीचं नाव 'तू बाहेर गेलास तर मीही जाईन', आणि दुसऱ्या एकीचं 'सवतीचा डोळा'. नवऱ्याशी, सासरच्यांशी, शेजारणीशी जे तोंडानं बोलता येत नाही ते कापड नेसून बोलायची सोय त्यांनी केली. त्या धंद्यातून त्यांनी मर्सिडीज गाड्या घेतल्या, म्हणून ते 'बेंझ'. परदेशी पाहुणे आले की टोगो सरकार या बायकांकडून गाड्या मागून न्यायचं. जानेवारी १९९४ मध्ये टोगोचं चलन असलेल्या सीएफए फ्रँकची किंमत एका फटक्यात निम्मी झाली, आयातीचं डच कापड सामान्य गिऱ्हाइकाच्या हातून निसटलं, पुढे चिनी नकलांचा लोंढा आला आणि ही पिढी बाजूला पडली. पण जितके दिवस त्यांचं चाललं तितके दिवस एका परक्या कापडाच्या किमतीतला मोठा वाटा लोमेत राहिला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

असंच दुसरं उदाहरण नायजेरियात नायजर नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या कालाबारी लोकांचं. चेन्नई आणि आंध्रच्या किनाऱ्यावर विणलेलं चौकड्यांचं मद्रासी कापड शतकानुशतकं त्यांच्याकडे जात आलं. ते त्याला 'इंजिरी' म्हणतात. कालाबारी बायका त्यातले ठरावीक धागे पात्यानं कापून ओढून काढतात, राहिलेल्या विणीतून नवीनच नक्षी उभी राहते, आणि मृत्यूपासून उत्सवापर्यंतच्या विधींत ते कापड मानानं वापरलं जातं. विणलं आपल्याकडच्या विणकरानं, पण पाहणारा त्याला कालाबारी कापडच म्हणेल, आणि योग्यच म्हणेल.

तेव्हा 'हे कापड अस्सल आफ्रिकी आहे का' हा प्रश्न मला कमी उपयोगाचा वाटतो. आफ्रिकेवरून स्फूर्ती घेतल्याचं सांगणाऱ्या प्रत्येक लेबलला, मग ते नायजेरियातल्या लागोसचं असो, पॅरिसचं असो की मिलानचं, विचारायला हवं ते वेगळंच: गिऱ्हाइकानं दिलेल्या पैशातला किती वाटा कोणाच्या हातात थांबतो? सूत कोणी कातलं, विणलं कोणी, रंगवलं कोणी, शिवलं कोणी आणि त्यांना काय मिळालं? फॅशनवर लिहिणारे हा प्रश्न टाळतात. नक्षीवर पानंच्या पानं लिहून होतात, विणकराच्या मजुरीवर एक ओळही सापडत नाही.

युनेस्कोनं २०२३ मध्ये आफ्रिकेच्या फॅशन क्षेत्रावर अहवाल काढला. त्यातले आकडे असे: ५४ पैकी ३७ देशांत कापूस पिकतो. खंडातून वर्षाला १५.५ अब्ज डॉलरची वस्त्रं बाहेर जातात आणि २३.१ अब्ज डॉलरचं कापड, कपडे नि पादत्राणं आत येतात. वर्षाला ३२ फॅशन वीक भरतात. म्हणजे कापूस आहे, डिझायनर आहेत, मंच आहेत. अडतं ते मधल्या टप्प्यात, सूतगिरण्या आणि मागांपाशी. माली, बुर्किना फासो, बेनिन इथली बहुतेक रुई गाठींत बांधून बंदराकडे जाते, त्यातली काही आपल्याकडच्या गिरण्यांतही येते. याच देशांनी चाडसह २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला होता, कारण त्या अनुदानानं जगभरचे भाव पडत होते. यवतमाळ-अकोल्याच्या शेतकऱ्याला हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी उठवलं तेव्हा एका कोरडवाहू शेतकऱ्याचा माल दुसऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा भाव पाडायला वापरला गेला, हेही बोलायला हवं.

या मधल्या टप्प्याला हात घालणारे डिझायनर मला मोठे वाटतात. केनेथ इझे यांचं उदाहरण घेऊ. जन्म लागोसचा, वाढले आणि शिकले ऑस्ट्रियात. त्यांनी नायजेरियातल्या योरुबा लोकांचं 'आसो ओके' हे कापड उचललं. हे अरुंद मागावर विणतात, पट्टी वीतभरही रुंद नसते, आणि अशा कितीतरी पट्ट्या एकमेकींना शिवून एक वस्त्र तयार होतं. लग्नकार्यात नेसायचं, मग पेटीत ठेवायचं, असं ते कापड. इझेंनी त्याचे कोट, विजारी केल्या, २०१९ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच कंपनीच्या, तरुण डिझायनरांसाठीच्या पारितोषिकाच्या अंतिम फेरीत गेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पॅरिसला पहिल्यांदा संग्रह दाखवला. शेवटी प्रसिद्ध मॉडेल नाओमी कॅम्पबेल चालत आल्या, त्याची छायाचित्रं सगळीकडे झळकली. माझ्या लेखी त्याहून मोठं काम म्हणजे सणासुदीला मागणी येणाऱ्या विणकराला वर्षभराचं काम मिळण्याची वाट त्यांनी दाखवली. पण अडचणही तिथंच आहे. अरुंद मागावर दिवसभरात थोडंच कापड निघतं. पॅरिसच्या दुकानाची मागणी ठरल्या तारखेला, एकसारख्या मालाची असते. विणकराला आगाऊ रक्कम द्यायची, सुताला पैसे घालायचे आणि दुकानाकडून बिल वसूल व्हायला महिनोन्‌महिने थांबायचं, हे भांडवल तरुण डिझायनरनं आणायचं कुठून? बँका याला तारण मानत नाहीत. पारितोषिकाची रक्कम एकदाच येते. नायजेरियासारख्या देशांत डिझायनरच्या अपयशाची चर्चा होते तेव्हा त्याच्या प्रतिभेवर बोट ठेवलं जातं, खेळत्या भांडवलावर क्वचितच.

दक्षिण आफ्रिकेच्या लादुमा न्गोकोलो यांची कथा मला सगळ्यात जास्त भावते, कारण त्यांचा प्रश्नच घरातून आला. कोसा समाजात मुलगा दीक्षाविधीतून बाहेर पडला की तो पुरुष झाला असं मानतात, आणि पुढचे काही महिने त्यानं नवे, भारदस्त कपडे घालायचे असतात. जुने कपडे देऊन टाकायचे. हे नवे कपडे म्हणजे काय, तर चांगल्यातले परदेशी लोकरी स्वेटर. स्वतःच्या संस्कृतीतला सगळ्यात मानाचा क्षण आणि अंगावर स्कॉटिश धाटणीची वीण! न्गोकोलोंना लोकर विणायला त्यांच्या आईनं शिकवलं होतं. पोर्ट एलिझाबेथला, ज्याला आता ग्केबेर्हा म्हणतात, विद्यापीठात शिकत असताना त्यांनी कोसा बायकांच्या मणीकामातल्या नक्ष्या स्वेटरवर उतरवल्या. त्यातून २०१० च्या सुमारास 'माकोसा' हे लेबल उभं राहिलं. आणि माल कुठला, तर मेरिनो मेंढीची लोकर आणि मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीची लोकर. जगातलं जवळपास निम्मं मोहेर दक्षिण आफ्रिकेत होतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या ईस्टर्न केप प्रांतात. मेंढी तिथली, बकरी तिथली, मणीकाम तिथलं, विधी तिथला. मधली विणाई तेवढी परदेशात होत होती. तीही त्यांनी देशात आणली. डिझायनर समाजासाठी काय करू शकतो याचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

आणि मग २०१८ मध्ये झारा या जगभर दुकानं असलेल्या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानात तशाच नक्षीचे मोजे दिसले. न्गोकोलोंनी वकील गाठला, झारानं मोजे विक्रीतून काढले. त्यांच्याकडे नाव होतं, वकील होता, जगभरच्या लोकांनी आवाज उठवला. ज्या बायकांच्या मणीकामावर हे सगळं उभं आहे त्यांच्यापैकी एखादीची नक्षी उचलली गेली असती तर? पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांच्या लाल-निळ्या चौकड्या आणि दक्षिणेकडच्या बसोथो लोकांची ब्लँकेटं लुई व्हिताँ या फ्रेंच फॅशन घराण्याच्या पुरुषी संग्रहांत येऊन गेली. मसाईंनी स्वतःची संघटना उभारून कंपन्यांकडे हक्काचं शुल्क मागायला सुरुवात केली, हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

कायदा इथं अपुरा पडतो. घानानं २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोककलेचे हक्क, केंटेच्या नक्ष्यांसकट, जनतेच्या वतीनं राष्ट्राध्यक्षांकडे दिले. हेतू चांगला, पण त्यामुळे बोनवायर गावच्या विणकराच्या हातात काय पडलं? चीनमध्ये केंटेची नक्षी स्वस्त कापडावर छापली जातच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये केंटे विणण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मान मिळाला, मजुरी यादीनं वाढत नसते. महाराष्ट्रानं हेच नुकतंच पाहिलं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन घराण्यानं मिलानच्या मंचावर तशीच चप्पल दाखवली आणि तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. मानांकन नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही. नावच घेतलं नाही तर मानांकनाचा उपयोग संपतो. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली तेव्हा मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच दाद मागायला हवी, म्हणून ती फेटाळली गेली. डिसेंबरात प्राडानं महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि चपला इथेच बनवून घ्यायचं ठरवलं. हे चांगलंच झालं. पण एका जोडामागे चप्पल बांधणाऱ्या कारागिराला किती मिळणार, हा आकडा करारापेक्षाही आधी जाहीर व्हायला हवा होता.

आता एक आक्षेप, आणि तो गंभीर आहे. पॅरिसच्या डिझायनरला कोणी विचारत नाही की तुझं सूत कुठलं, तू किती विणकर पोसतोस. आफ्रिकेच्या डिझायनरनंच गावाचा उद्धार, परंपरेचं जतन, पर्यावरणाचं रक्षण हे सगळं खांद्यावर का घ्यायचं? त्याला नुसता सुंदर कोट करायचा हक्क नाही का? आहे, पुरेपूर आहे. थेबे मागुगु हे दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीचे, २०१९ मध्ये एलव्हीएमएच पारितोषिक जिंकणारे पहिले आफ्रिकी. त्यांच्या एका संग्रहाला प्रेरणा होती 'ब्लॅक सॅश' या बायकांच्या संघटनेची. या गोऱ्या बायका खांद्यावरून काळी पट्टी घेऊन वर्णभेदी सरकारविरुद्ध मूकपणे उभ्या राहत. त्या कपड्यांत ढोल नव्हते, बिबट्याचे ठिपके नव्हते. देशाचा इतिहास नीट शिवलेल्या कपड्यांत होता, आणि तो पूर्णपणे आफ्रिकी होता. लागोसचे आदेबायो ओके-लावाल त्यांच्या 'ऑरेंज कल्चर' या लेबलमधून नायजेरियन पुरुषानं हळवं असावं की नाही यावर बोलतात. यांच्याकडे मण्यांची माळ मागणारा माणूस आफ्रिकेला अजून संग्रहालयातच ठेवू पाहतो.

म्हणून माझा प्रश्न नक्षीबद्दल नाहीच, मजुरीबद्दल आहे, आणि तो सगळ्यांना सारखा लागू आहे. उलट ज्यांचे खिसे भरलेले आहेत त्यांना तो आधी विचारायला हवा. दिओर या फ्रेंच फॅशन घराण्यानं एप्रिल २०१९ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला केलेल्या शोसाठी मेणछाप कापड आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानच्या 'युनिवॅक्स' कारखान्यातून घेतलं आणि आबिजानचेच ज्येष्ठ शिंपी-डिझायनर पाथे-ओ यांना सोबत घेतलं. मंडेलांचे छापील शर्ट शिवणारे म्हणून पाथे-ओ साऱ्या खंडाला माहीत आहेत. हे काम एका हंगामापुरतं झालं. दिओरसारख्या घराण्यानं दहा वर्षांचा खरेदीकरार केला असता तर आबिजानमध्ये नवी यंत्रं बसली असती.

सरकारांनी काय करावं याचा एक धडा बुर्किना फासोत आहे. १९८३ मध्ये सत्तेवर आलेल्या थॉमस सांकारांनी सरकारी नोकरांना 'फासो दान फानी' हे देशी कापसाचं, देशी मागावरचं कापड घालायला लावलं. १९८७ च्या जुलैत अदिस अबाबाला आफ्रिकी नेत्यांसमोर बोलताना त्यांनी आपल्या शिष्टमंडळाच्या अंगावरच्या कपड्यांकडे बोट दाखवलं: कापूस आमचा, विणाई आमची, शिलाई आमची. खादीच्या चळवळीत वाढलेल्या घरांतल्या माणसाला हे ऐकताना भरून येईल. पण सक्तीची मर्यादाही तिथंच दिसली. कारकून मंडळी तो सदरा कचेरीत ठेवून द्यायची आणि सांकारा येताहेत असं कळलं की अंगावर चढवायची. लोकांनी त्या कापडाचं नावच 'सांकारा आले' असं पाडलं. ऑक्टोबरात सांकारांची हत्या झाली आणि सक्तीही संपली. कापड मात्र टिकलं. आज तिथले डिझायनर ते आवडीनं वापरतात, आणि बोबो-जुलासो शहराचं 'कोको दुंदा' हे रंगवलेलं कापड, ज्याला एके काळी गरिबाचं कापड म्हणून नाक मुरडलं जायचं, त्याला फॅशनमध्ये जागा मिळाली आहे. हुकमानं गिऱ्हाईक तयार होतं, पण ते टिकवायला डिझायनर लागतो.

डिझायनरच्या पाठीशी मात्र बाजार हवा, आणि आफ्रिकेचा बाजार जुन्या कपड्यांनी भरला आहे. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले कपडे गाठी बांधून घानाच्या राजधानीत, आक्राच्या कांतामांतो बाजारात, केनियातल्या नैरोबीच्या गिकोम्बा बाजारात येतात. आपलाही यात हात आहे: कांडल्याला असे कपडे निवडून आफ्रिकेला पाठवण्याचा मोठा उद्योग चालतो. पूर्व आफ्रिकेच्या देशांनी २०१६ मध्ये ही आयात टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरवलं. रवांडानं एका किलोवरचं शुल्क २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेलं. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, अमेरिकेनं शुल्कमुक्त निर्यातीची सवलत काढून घेण्याचा इशारा दिला, आणि केनिया, टांझानिया, युगांडा मागे हटले. रवांडा हटला नाही. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेनं त्याच्या कपड्यांची सवलत स्थगित केली. छोट्या देशानं स्वतःच्या शिंप्यांना संरक्षण दिलं तर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं. कांतामांतोत हजारो माणसं तेच जुने कपडे उसवून, नव्यानं शिवून पोट भरतात, म्हणून एका रात्रीत बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पण शुल्क ठरवायचा हक्क त्या देशांचा आहे, आणि तो हिरावून घेणाऱ्या सरकारांनी आफ्रिकी डिझायनरांना पारितोषिकं देऊन त्याची भरपाई होत नाही.

सुरुवात करायला जागा तयार आहे. २०११ मध्ये ओमोयेमी आकेरेले यांनी सुरू केलेल्या लागोस फॅशन वीकनं मंचावर यायचं तर पर्यावरणाची जबाबदारी दाखवा, अशी अट डिझायनरांना घातली आहे. त्याच अर्जात आणखी एक रकाना घालावा: सूत कुठलं, कापड कोणी विणलं, त्याला मीटरमागे काय दिलं. आकडा भरला नाही तर मंच नाही. लागोसनं हे केलं की पॅरिस आणि मिलानच्या आयोजकांपुढे तोच अर्ज ठेवता येईल, आणि आफ्रिकेच्या नावानं कपडे दाखवणाऱ्या तिथल्या मोठ्या घराण्यांनाही तोच रकाना भरावा लागेल.